१६ किलोबाइटमध्ये प्रोग्राम मावत नाही : कंपायलर आकार नेमका कसा कमी करतो?

दिंडोरी_ठिबक :
नमस्कार. आमच्या द्राक्षबागेसाठी मी ठिबकचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे आणि पानांवरील ओलावा व तापमान नोंदवणारे एक छोटे यंत्र तयार करीत आहे. त्यात कॉर्टेक्स-एम-झिरो गाभ्याचा, १६ किलोबाइट फ्लॅशचा (प्रोग्राम साठवण्याच्या मेमरीचा) मायक्रोकंट्रोलर आहे. सी भाषेतील प्रोग्राम जीसीसी या कंपायलरने यंत्रभाषेत आणल्यावर वेगावर भर देणाऱ्या ‘ओ-टू’ पर्यायाने १९ किलोबाइट होतो आणि आकारावर भर देणाऱ्या ‘ओ-एस’ने साडेसतरा. शिवाय, सुरुवातीची छोटी आवृत्ती ऑप्टिमायझेशनशिवाय (कंपायलरच्या अशा सुधारणांशिवाय) व्यवस्थित चालत होती, ती ‘ओ-एस’ लावताच टायमरची वाट पाहण्याच्या लूपमध्ये अडकून पडते. ऑक्टोबर छाटणीपूर्वी यंत्र बागेत बसवायचे आहे. मोठी चिप घेण्याआधी आणखी काय करता येईल?

अंबड_फर्मवेअर :
‘ओ-टू’मधील बहुतेक सर्व सुधारणा ‘ओ-एस’मध्येही होतात, ज्यांनी आकार वाढण्याचा संभव असतो, त्या मोजक्या तेवढ्या वगळल्या जातात. फंक्शन जागच्या जागी उतरवण्याचा, म्हणजे इनलायनिंगचा, निर्णयही येथे वेगाऐवजी आकार पाहून होतो. एकाच ठिकाणाहून बोलावले जाणारे स्टॅटिक, म्हणजे त्या फाइलपुरतेच मर्यादित, फंक्शन उतरवल्यास कॉलच्या सूचना वाचतात आणि मूळ प्रतही उरत नाही, त्यामुळे आकार घटतो; तेच मोठे फंक्शन दहा ठिकाणी उतरवले तर दहा प्रती होतात. म्हणून जी फंक्शने फाइलबाहेर लागत नाहीत, ती सर्व स्टॅटिक करा.

तथापि दीड किलोबाइटचा दोष कंपायलरकडे नसावा, असे माझे मत आहे. लिंकर म्हणजे सर्व तुकडे जोडून अंतिम प्रोग्राम बनवणारे साधन; कोणता तुकडा किती जागा घेतो हे दाखवणारी त्याची मॅप फाइल उघडून सर्वांत मोठे तुकडे कोणाचे आहेत ते आधी पाहा. या गाभ्यात दशांश गणितासाठी हार्डवेअर नाही आणि भागाकाराची सूचनाही नाही, त्यामुळे तापमान फ्लोट या दशांश प्रकारात ठेवून ०.१ ने गुणले की तो स्थिरांक डबल, म्हणजे दुप्पट रुंदीचा दशांश प्रकार, धरला जातो आणि डबलच्या गुणाकाराची, रूपांतराची फंक्शने लायब्ररीतून आत येतात. तापमान अंशाच्या दहाव्या भागात पूर्णांक म्हणून ठेवा. सरासरीही १० ऐवजी १६ नोंदींची घ्या. चिन्हरहित पूर्णांकाला १६ ने भागणे म्हणजे बिट सरकवण्याची एक सूचना (शिफ्ट). प्रिंटएफ हे लायब्ररीतील छपाईचे फंक्शन फक्त अंक छापण्यासाठी वापरत असाल, तर दहा-बारा ओळींचे स्वतःचे फंक्शन लिहिणे केव्हाही परवडते.

सातपूर_टूलचेन :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. ‘फंक्शन-सेक्शन्स’ आणि ‘डेटा-सेक्शन्स’ हे पर्याय कंपायलरला देऊन लिंकरला ‘जीसी-सेक्शन्स’ द्या, म्हणजे प्रत्येक फंक्शन स्वतंत्र विभागात जाते आणि ज्याच्यापर्यंत कोणताही संदर्भ पोहोचत नाही, ते लिंकर टाकून देतो. उत्पादकाच्या तयार लायब्ररीतील न वापरलेला भाग बहुधा असाच गळतो. मात्र इंटरप्ट (हार्डवेअरकडून मध्येच येणारी हाक) आल्यावर कोणते फंक्शन चालवायचे, ते सांगणाऱ्या व्हेक्टरच्या तक्त्याला प्रोग्राममधून कोणीही बोलावत नाही. लिंकर स्क्रिप्टमध्ये (लिंकरच्या सूचनांच्या फाइलमध्ये) तो ‘कीप’ने राखलेला आहे ना, हे अवश्य तपासा. त्यानंतर एलटीओ, म्हणजे जोडणीच्या वेळचे ऑप्टिमायझेशन, लावून पाहा. त्यात वेगवेगळ्या फाइलींमधील फंक्शने कंपायलरला एकत्र दिसतात. जीसीसीची आवृत्ती १२ किंवा नंतरची असेल, तर ‘ओ-झेड’ हा वेगाची पर्वा न करणारा पर्यायही आहे.

लूप अडकण्याचे कारण बहुधा आपल्या कोडमध्येच आहे. इंटरप्टमध्ये बदलणारा ध्वज (खूण म्हणून ठेवलेले चल) ‘व्होलाटाइल’, म्हणजे दर वेळी मेमरीतून नव्याने वाचावा असा, घोषित केलेला नसेल, तर लूपच्या आत त्याला कोणी हात लावत नाही असे पाहून कंपायलर तो एकदाच वाचतो आणि पुढे अनंत लूप तयार करतो. भाषेच्या नियमांनुसार हे योग्यच आहे, म्हणून ऑप्टिमायझेशन बंद करणे हा त्यावरचा उपाय मानू नये.

दिंडोरी_ठिबक :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ध्वज व्होलाटाइल केल्यावर लूप सुरळीत चालू लागला. मॅप फाइलमध्ये डबलची फंक्शने आणि प्रिंटएफ खरोखरच सर्वांत वर होते. ते काढून ‘जीसी-सेक्शन्स’ लावल्यावर आकार १२.८ किलोबाइटवर आला. एलटीओची गरज पडली नाही. उरलेल्या जागेत आता ओलाव्याच्या मागील २४ तासांच्या नोंदी ठेवणार आहे, कारण केवडा या द्राक्षरोगावरील फवारणी ठरवताना पान सलग किती तास ओले होते, हेच मला पाहायचे असते.