मदत हवी आहे: पेशीपटलावर काम करणारं, मराठीत बोलू शकेल असं कुणी?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पेशीपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) आणि त्यातली प्रथिनं यांवर संशोधन करणाऱ्या कुणाशी तरी मुलांची गाठ घालून द्यायची आहे. गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये अशी व्यक्ती माहितीत आहे का? मराठी किंवा कोंकणी बोलणारी हवी. पीएचडी करणारे असतील तर उत्तमच, त्यांना मुलं मोकळेपणी प्रश्न विचारतात.

दुसरी मदत प्रयोगाची. माडाच्या व्हिनेगरात अंडं ठेवलं की बुडबुडे येत कवच विरघळतं. मग ते पाण्यात फुगतं, साखरेच्या पाकात आक्रसतं. मुलांना हे फार आवडतं. पण कवचाखालचं ते आवरण म्हणजे पेशीपटल नव्हे, आणि प्रथिनांच्या वाहिन्यांची खरी गंमत त्यात दिसत नाही.

पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये बेडकाच्या अंडपेशींना अ‍ॅक्वापोरिन हे पाण्याची वाहिनी असलेलं प्रथिन बनवायला लावलं. क्षार कमी असलेल्या पाण्यात त्या भराभर फुगून फुटल्या, साध्या अंडपेशी मात्र जवळपास तशाच राहिल्या! 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल अ‍ॅग्रेंना याच शोधासाठी मिळालं. अशा एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे 3 अब्ज पाण्याचे रेणू जातात, तरी प्रोटॉन अडतो. ही निवड वर्गात हाताने करून कशी दाखवावी? कुणी मॉडेल केलं असेल तर फोटो टाका. खर्च बेताचा हवा.