बीटल अमेरिकेत खपली ती जाहिरातीमुळे की गॅरेजमुळे?

गॅरेजवाला
फोक्सवॅगन बीटल ही छोटी जर्मन गाडी म्हटलं की तिच्या 'थिंक स्मॉल' जाहिरातीचं कौतुक सुरू. जाहिरात झकास होती, पण ती आली १९५९ साली! तोवर अमेरिकेत वर्षाला लाखाच्या आसपास फोक्सवॅगन खपत होत्या, लोक नंबर लावून बसत होते. १९४९ मध्ये डच व्यापारी बेन पॉन बीटल घेऊन न्यूयॉर्कला गेला तेव्हा तिला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. वर्षात खपल्या दोन. पुढं कंपनीप्रमुख नॉर्डहॉफनं दंडक घातला: आधी सुटे भाग आणि तयार मेकॅनिक, मग शोरूम. फ्रेंच कंपनी रेनॉची छोटी गाडी दोफिन १९५९ पर्यंत खपात बीटलच्या मागोमाग होती. पार्ट मिळेनात, पत्रा गंजला, आणि लवकरच गाड्या गोदीत पडून.

उनाड
काका, १९६० चं काय? फाल्कन, कॉर्व्हेअर, व्हॅलियंट या डेट्रॉईटच्या, म्हणजे अमेरिकन कंपन्यांच्या, छोट्या गाड्या आल्या आणि परदेशी गाड्यांचा धंदा बसला. बीटल मात्र वाढली. शिवाय मूळ हिटलरच्या काळातली गाडी, आणि तिची जाहिरात करणाऱ्या एजन्सीचा बर्नबाख न्यूयॉर्कचा ज्यू! हे पान्यानं होत नसतं.

गॅरेजवाला
पान्यानंच होतं. इंजिन मागं, चार बोल्ट काढले की खाली. मडगार्डही बोल्टवर, ठोकलं तर तेवढंच बदला. रेडिएटरच नाही, त्यामुळे थंडीत पाणी गोठायची भीती नाही.

हिशेबनीस
भाव कुणीच काढेना? १९६१ पर्यंत डॉलरला ४.२० जर्मन मार्क मिळत, म्हणून ती १,४९५ डॉलरला देता आली. सत्तरच्या दशकात मार्क चढला, बीटल महागली. गॅरेजं तीच होती, तरी गिऱ्हाईक जपानी टोयोटा-डॅटसनकडे गेलं.

उनाड
तोवर गाडीही म्हातारी झाली होती हो. आणि स्वस्ताईच बघायची तर दोफिन काही महाग नव्हती.

हिशेबनीस
म्हणून तर तीही आधी धडाक्यात खपली! गॅरेजनं गिऱ्हाईक टिकतं, आणतो भाव.

गॅरेजवाला
हे पटलं, अर्धं. पण १९६१ पर्यंत या गाडीला पेट्रोलचा काटासुद्धा नव्हता. गचके खाऊ लागली की पायाशी असलेली रिझर्व्हची कळ फिरवायची. निव्वळ भाव बघून आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा हीच गाडी कशाला घेईल?