आईच्या किमोसोबत टार्गेटेड थेरपी घ्यावी का?

फोंड्याची लेक:
आई ६१ वर्षांची, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्टात हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) २+ आलंय. डॉक्टर म्हणतात किमोबरोबर ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेम धरणारं टार्गेटेड इंजेक्शन) लागू शकतं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. आईला बीपी आहे आणि हे हार्टवर जातं असं कोणीतरी सांगितल्यापासून ती झोपलीच नाहीये, सकाळी बघते तर फाईल देवासमोर ठेवून बसलेली. काय करू?

डिचोलीकर:
ताई, आधी फिश टेस्ट (हर-टूचं जनुक वाढलंय का ते बघणारी) झाली का विचारा. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही. फिश निगेटिव्ह आली तर आईला या इंजेक्शनचा फायदा नाही, उगाच वर्षभर कशाला. पण पॉझिटिव्ह आली तर नाही म्हणू नका, गाठ परत यायचा धोका खरंच कमी होतो.

म्हापशाहून:
माझ्या मावशीने घेतलंय. आधी लाल किमो (डॉक्सोरुबिसिनसारखं लाल रंगाचं औषध), ती संपल्यावर पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या किमोसोबत हे सुरू केलं, लाल किमोबरोबर सहसा देत नाहीत कारण दोन्ही हार्टवर जातात. टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) इंजेक्शन सुरू करायच्या आधी आणि मग दर तीन महिन्यांनी. मध्ये तिचं हार्टचं पंपिंग ६२ टक्क्यांवरून ४८ वर आलं, आम्ही घाबरलो, डोस थांबवले, गोळ्या दिल्या, नंतर वर आलं आणि परत चालू केलं. पहिल्या डोसला थंडी वाजून ताप आला, चादर घेऊन जा. खर्चाचं म्हणाल तर बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची) बरेच स्वस्त पडतात, आणि दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य योजना) काय बसतं ते गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, विचारा.

फोंड्याची लेक:
फिश केलीच नव्हती! उद्या ब्लॉक (ऑपरेशनमधला गाठीचा मेणात जपलेला तुकडा) लॅबला देते.