आधी ग्रंथ की आधी शिबीर?

"बौद्ध धम्म शिकायला आधी सगळं त्रिपिटक, म्हणजे बौद्ध ग्रंथांचे तिन्ही संग्रह, वाचू का?" असं विचारलंय तुम्ही. नको, त्यातल्या अभिधम्माच्या, म्हणजे तात्त्विक विश्लेषणाच्या भागाच्या, याद्यांतच नवखा माणूस अडकतो. धम्मपद हा बुद्धवचनांचा छोटा ग्रंथ घ्या: 26 वग्ग (प्रकरणं), 423 गाथा (श्लोक). रोज 5 गाथा मराठी अर्थासह मोठ्यानं वाचा, तीनेक महिन्यांत होतं. वाचताना 'दुःख' हा शब्द भेटेल, तो म्हणजे नुसता शोक नव्हे. बदलत्या गोष्टींना धरून ठेवल्यानं येणारी अतृप्तीही त्यात येते. सोबत पंचशील (आचरणाचे पाच नियम), आणि सकाळी 10 मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान. श्वास नाकपुड्यांशी फक्त जाणायचा. प्राणायामाची सवय असलेले तो ओढायला लागतात, तिथंच बिघडतं. मग हातकणंगले तालुक्यात आळते इथल्या धम्मालय या ध्यान केंद्रात 10 दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबीर करा. फी नसते, पण पहिले 9 दिवस मौन असतं. शेवटपर्यंत राहणार असाल तरच नाव द्या.