मदत हवी आहे: फक्त पोर्तुगाल, सहा-सात दिवस, सोबत गाईड आणि दुखरे गुडघे

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पोर्तुगालला जायचं ठरतंय. जाऊन आलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी जरा मार्ग दाखवा.

आधी माणसं सांगते. बाबा ७७ वर्षांचे, मूळचे फोंड्याजवळचे, १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत गेलेले. अजूनही जेवणानंतर लहर लागली की एखादी पोर्तुगीज कविता म्हणतात आणि अर्थ विचारला की चिडतात. एकदा लिस्बन बघायचं एवढंच त्यांचं म्हणणं. सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात, जिने आणि चढ मात्र नको. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. (बाबांची चिंता नाही, त्यांना मासे मिळाले की झालं.)

मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांकडे चौकशी केली. जवळजवळ सगळ्यांनी स्पेनच्या शेपटाला पोर्तुगाल बांधलेलं. बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल आणि मग लिस्बनचा जेमतेम दीड दिवस. बेलेमच्या मनोऱ्यासमोर बस थांबणार, फोटो काढायचे, परत बसमध्ये. भारतीय जेवण आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर मिळतो, हा फायदा मान्य. पण बाबांना जेरोनिमोश मठात वास्को द गामाच्या कबरीसमोर उभं राहून त्याच्याशी भांडायचं आहे (शब्द त्यांचेच). वीस मिनिटांत ते कसं उरकणार?

म्हणून विचार असा, की चार रात्री लिस्बनमध्ये एकाच हॉटेलात राहायचं आणि तिथल्याच छोट्या व्हॅनच्या गाईडेड टूर घ्यायच्या. एक दिवस सिंत्रा आणि काबो द रोका, एक दिवस ओबिदुश-नाझारे. मग ट्रेनने पोर्तो, तिथे दोन रात्री. आता प्रश्न: सिंत्राचा पेना राजवाडा बाबांना झेपेल का? व्हॅनमधल्या अनोळखी लोकांबरोबर म्हाताऱ्या माणसांची फरपट होते, की थोडे जास्त पैसे मोजून फक्त आमच्यापुरता गाईड घ्यावा? आणि आईने खायचं काय? सात दिवस ब्रेड आणि फळांवर काढायला ती तयार आहे, पण मी नाही.

एक विनंती: बाबांनी पोर्तुगीज पासपोर्ट का काढला नाही, यावर कृपया चर्चा नको. घरात ती पुष्कळ झाली आहे. शेंगेन व्हिसाच काढणार आहोत.

प्रतिसाद
ताई, स्पेन वगळलंत ते उत्तम केलंत. लिस्बनला काही वर्षं राहतोय म्हणून लिहितो. पेना टाळा. वेळ ठरवूनच तिकीट मिळतं, आणि बागेच्या फाटकापासून वर राजवाड्यापर्यंत चांगलाच चढ आहे. आतली मिनीबस घेतली तरी राजवाड्यात जिने आहेतच. त्यापेक्षा सिंत्रा गावातला जुना राजवाडा बघा, दोन मोठ्या शंकूसारख्या धुराड्यांचा. जिने तिथेही आहेत, पण डोंगर चढावा लागत नाही. लिस्बनच्या जुन्या आल्फामा भागात पायी फिरू नका, तिथले गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात. टुकटुक घ्या. हो, आपली रिक्षाच, बहुतेक विजेवर चालणारी, आणि चालवणाराच गाईड असतो.

बेलेमला सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. कबर चर्चमध्ये शिरल्याबरोबर आहे, समोरच्या बाजूला कवी कामोंइश. काका कविता म्हणतात तर भांडण झाल्यावर तिकडेही वळवा त्यांना. लिस्बनच्याच आल्कांतारा भागातलं म्युझेउ दु ओरिएंत हे संग्रहालय मात्र चुकवू नका, गोव्याशी संबंधित वस्तू आहेत, निवांत बघता येतं. कुठल्याही टूरमध्ये ते सहसा नसतं.

गाईड दोन दिवसच खाजगी घ्या, लिस्बन आणि सिंत्रासाठी. ओबिदुश-नाझारेला व्हॅन चालेल. पोर्तोची ट्रेन साधारण तीन तासांची, आणि ६५ वर्षांवरच्यांना तिकीट निम्म्या दरात, पासपोर्ट जवळ ठेवा. विमानाचं तिकीट लिस्बनला उतरून पोर्तोहून परत असं काढलंत तर एक फेरी वाचेल.

प्रतिसाद
काकूंच्या जेवणाबद्दल. काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप सगळीकडे मिळतं आणि दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. ती काढून देतो म्हणाले तरी नको म्हणा. पाश्तेल द नाता म्हणजे अंड्याचा बलकच. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी बांधलेलं. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, वेळ आधी विचारून घ्या. मार्तीं मोनिझजवळ डाळ-तांदूळ-पिठाची दुकानं आहेत, तेव्हा हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर रात्रीच्या खिचडीची सोय होईल.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. पेना रद्द, टुकटुक नक्की. लिस्बनमध्ये लिफ्ट आणि स्वयंपाकघर दोन्ही असलेली जागा कुठल्या भागात शोधू? बाइशा सपाट आहे म्हणतात, पण तिथे रात्री आवाज फार असतो का?