घोस्ट शिप ०.५ टक्के: एल म्हणून पास की नापास?

पाइंटभर

गेल्या महिन्यात साउथवोल्डला जाऊन आलो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सफोक परगण्यातलं छोटं गाव. वस्तीच्या मधोमध पांढरं दीपगृह आणि त्याला खेटून ॲडनम्सची ब्रुअरी. इथली रेल्वे १९२९ सालीच बंद पडली. त्यामुळे ब्रुअरीच्या दारातली ताजी एल (इंग्लंडची पारंपरिक बिअर) प्यायची तर कुणीतरी गाडी चालवावी लागते, आणि आमच्या घरात ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. बायकोने ॲडनम्सची घोस्ट शिप नावाची एल घेतली, मी तिचीच अल्कोहोल जवळजवळ काढून टाकलेली बहीण, घोस्ट शिप ०.५ टक्के.

नेहमीची घोस्ट शिप साडेचार टक्क्यांची. ०.५ वाली २०१८ साली आली. आधी एल रीतसर आंबवून तयार करतात, मग दाबाखाली बारीक पडद्यातून अल्कोहोल आणि पाणी बाजूला काढतात आणि पाणी तेवढं परत घालतात. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच.

वास पहिल्या नंबरचा. सिट्रा जातीच्या हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं), ईडलिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा. त्याखाली भाजक्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, हलका गोडवा. फेस पांढरा, टिकणारा. येताना दोन्हीच्या बाटल्या आणल्या आणि घरी बायकोला दोन ग्लास भरायला लावले. पहिल्या घोटाला मी चक्क ०.५ ला खरी म्हणालो! पण ग्लास अर्धा झाला तसा फरक उघडा पडला. कोमट होताना ०.५ वाली पाणचट लागायला लागली आणि कडवटपणा जिभेच्या मागे एकटाच बसून राहिला. खरीत तो कडवटपणा कशात तरी मुरलेला असतो.

माझा निकाल: दहापैकी सात, पास. तुमचं काय मत?

कोथरूडचा काका

नापास. उपासाची मिसळ खाल्ली आहे ना? नाव मिसळ, आत साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी. चांगली लागते, मी दोन प्लेटी खातो, पण तिला मिसळ म्हणून मार्क देऊ नका. एलमधून अल्कोहोल काढलं की ते पेय झालं. पेय म्हणून दहापैकी नऊ द्या, माझी हरकत नाही.

पाइंटभर

काका, उदाहरण चुकलं. उपासाच्या मिसळीत मटकी मुळात पडतच नाही. इथे अस्सल मिसळ करून वरची तर्री तेवढी उतरवून घेतली आहे.

कोथरूडचा काका

तर्री उतरवलेल्या मिसळीला आमच्याकडे मटकीची उसळ म्हणतात.

यीस्टवाली

काकांना त्या वाक्यासाठी +१, मताला नाही. (फूड टेक्नॉलॉजी शिकवते, म्हणून थोडं लांबेल.)

तर्री म्हणजे नुसता तिखटपणा नव्हे, मसाल्याचा वास त्या तेलातच असतो. अल्कोहोलही तसंच. त्याने घोटाला वजन येतं, किंचित गोडवा येतो, घशाला ऊब लागते आणि कुठला वास ग्लासातून किती वर येणार हेही बदलतं. पडद्यातून अल्कोहोल जातं तेव्हा यीस्टने तयार केलेले फळांच्या वासाचे लहान रेणूही काही प्रमाणात सोबत निसटतात. म्हणून हॉप्सचा ठसठशीत वास असलेली एल या प्रक्रियेत तगते, आणि ज्या एलची सगळी मजा यीस्टमध्ये असते ती उघडी पडते. घोस्ट शिप पहिल्या गटातली. किण्वन मध्येच थांबवून केलेल्या बिअरला माल्टेड दुधाच्या पावडरीसारखा कच्चा वास येतो. तो इथे नाही, कारण ही पूर्ण आंबवलेली आहे.

आता धागाकर्त्यांची चाचणी. दोन ग्लासांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. तीन ग्लास घ्या, दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखा. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीही एकदा करून भागत नाही.

अवांतर: हिला 'अल्कोहोल फ्री' म्हणू नका. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात ते नाव ०.०५ टक्क्यापर्यंतच्या पेयाला आहे. ०.५ ची 'लो अल्कोहोल' मध्ये येते, जिची मर्यादा १.२. जर्मनीत मात्र ०.५ ची खुशाल 'अल्कोहोलफ्राय' म्हणून विकतात.

लीड्सकर

चाचणी तीन ग्लासांची करा नाहीतर तीसची, बाटलीशी बाटली लावलीत तिथेच घोळ आहे. घोस्ट शिप लोकप्रिय झाली ती पबमध्ये पिंपातून हातपंपाने भरलेल्या पाइंटमुळे, म्हणजे मोठ्या ग्लासमुळे. अशा पिंपातली, कास्कमधली, एल जिवंत असते, पिंपातच तिचं थोडं आंबणं चालू असतं, बुडबुडे कमी आणि तापमान ११ ते १३ अंश. धागाकर्त्यांची एल कोमट झाल्यावर पाणचट लागली म्हणे! अहो, खरी एल त्याच तापमानाला फुलते. जी फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं टिकत नाही ती एलच्या परीक्षेला बसलीच कशाला?

आणि गाडीचं कारणही पटत नाही. मी अर्धा पाइंट खरी घेतो. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, अर्ध्या पाइंटने ती कशाला गाठली जाते?

यीस्टवाली

स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५० आहे आणि भारतात ३०. सवय इंग्लंडची आणि गाडी पुण्यात, असं करू नका म्हणजे झालं.

कास्कचा मुद्दा मला अन्यायाचा वाटतो. ०.५ वाली उघड्या पिंपात ठेवणं मुळात अवघड, कारण जंतूंना आवरण्याचं निम्मं काम अल्कोहोल करतं. जिथे ती जाऊच शकत नाही तिथे तिची शर्यत लावून काय उपयोग?

लीड्सकर

जाऊ शकत नाही हाच तर तिचा दोष. नाव तेच लावलंय, मग तुलनाही त्याच पाइंटशी होणार.

सोडलेला

मी नऊ वर्षं दारूला शिवलेलो नाही. तुम्ही सगळे 'चव किती जुळते' यावर मार्क देताय, माझा हिशेब उलटा आहे. एकदा मित्राच्या आग्रहाने अशीच एक ०.५ ची घेतली, कुठली ते महत्त्वाचं नाही. पहिल्या घोटाला वाटलं, वा! बाटली संपली तेव्हा जीभ पुढचं मागत होती. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीन दिवस झोप नव्हती. जितकी हुबेहूब तितकी माझ्यासारख्याला वाईट. सातऐवजी चार मिळाले असते तर बरं झालं असतं.

रात्रपाळी

सोडलेला दादा, तुमचं मनापासून पटलं, तरी माझा अनुभव लिहिते. मी इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ड्यूटी संपली की सगळे पबमध्ये जातात. हातात संत्र्याचा ज्यूस दिसला की प्रश्न सुरू: का गं, बरं नाही का, काही गोड बातमी? ०.५ वाली त्याच आकाराच्या ग्लासात, त्याच फेसाची येते. कुणी विचारत नाही. चवीला मी सहा देईन, पण घेते ती त्या ग्लाससाठी.

तक्रार किमतीची. आमच्या कोपऱ्यावरचा पब खऱ्या पाइंटपेक्षा जेमतेम काही पेन्स कमी लावतो. १.२ टक्क्यापर्यंतच्या पेयावर सरकार मद्यकर घेत नाही, मग तो वाचलेला कर गेला कुठे?

पाइंटभर

थोडा यंत्रात गेला असेल. आधी एल बनवायची, मग ती पुन्हा मोडायची, काम दुप्पट. बाकीचा पबवाल्याच्या खिशात, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

सोडलेला, तुम्ही लिहिलंत त्यावर दोन दिवस विचार केला. सात बदलत नाही, पण मूळ लेखात 'कुणालाही बिनधास्त द्या' असं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं आहे.

आणि यीस्टवाली, केली तुमची त्रिकोणी चाचणी! सहा फेऱ्या, दोन-दोन घोट, मध्ये पाणी आणि साधे कुरमुरे. सहापैकी चारदा वेगळा ग्लास बरोबर ओळखला. दोनदा घशातल्या उबेने सांगितलं, वासाने एकदाही नाही.

यीस्टवाली

नुसत्या अंदाजाने सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. पण वासाने एकदाही नाही, हे लिहून ठेवा. माझ्या अंदाजाप्रमाणे आहे.

लीड्सकर

दोन-दोन घोट! पाइंट कुणी दोन घोट पितं का? तुम्हीच वर लिहिलंय की फरक अर्ध्या ग्लासनंतर कळतो. मग चाचणीत ग्लास अर्धा होऊच दिला नाहीत.

पाइंटभर

हे मात्र लागलं. सहा फेऱ्यांचे अठरा ग्लास पूर्ण प्यायचे तर चाचणी संपेपर्यंत मी उरणार नाही. निदान खऱ्या बाजूने तरी.

कोथरूडचा काका

जूनमध्ये लेकीकडे इप्सविचला येतोय. चाचणी माझ्यावर करा, पूर्ण पाइंटांची, दिवसाला एक. साउथवोल्डला जाताना गाडी तुम्हीच चालवायची.