बाळंतिणीनं ४८ तास दवाखान्यात थांबायचं, पण कशाच्या भरवशावर?

घाटंजीची नणंद
मागच्या महिन्यात माझी वहिनी आमच्या भागातल्या एका सरकारी केंद्रात बाळंत झाली. रात्री दोनला मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅमची. सिस्टरनं पोरीला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, तासाभरात चीक पाजायला लावला. आमची आई मधाचं बोट घेऊन उभी होती, तिलाही नीट समजावून थांबवलं. तिथवर सगळं मनासारखं.

सकाळी नळाला पाणी नाही. संडासाची कडी तुटलेली. अंगावर टाके असलेल्या बाईनं दार एका हातानं धरून बसायचं? आईला टेकायला जागा नव्हती, तिनं रात्र पायरीवर काढली. दुपारी दादा म्हणाला घरी नेतो. सिस्टर म्हणाल्या, ४८ तासांआधी सोडत नाही, न्यायचंच असेल तर सही करा. दादानं सही केली आणि मला ते तेव्हा बरोबरच वाटलं. घरी गरम पाणी होतं, बाज होती, चार बाया हाताशी होत्या.

माझं म्हणणं एवढंच की जिथं बाळंतिणीला आडोसा नाही तिथं तिला थांब म्हणायचा हक्क कोणाला नाही. आधी सोय करा, मग नियम सांगा.

एएनएम (सरकारी केंद्रातली नर्स), १९ वर्षं नोकरी
ताई, कडीचं वाचून वाईट वाटलं. त्यात तुमचं काहीच चुकलं नाही. पण सही करून नेणं बरोबर होतं, हे मी मान्य करणार नाही.

बाळ झाल्याबरोबर आम्ही ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतो. वार पडली की काम संपलं असं घरच्यांना वाटतं, आमचं तिथून सुरू होतं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून बघते, गर्भाची पिशवी गोळ्यासारखी कडक आहे की मऊ पडली. मऊ पडली की रक्त सुटतं. दुखत नाही, बाई ओरडत नाही, नुसती गळून जाते. जवळच्यांना वाटतं थकून झोपली. पहिले २४ तास हा धोका असतो. एक बाई माझ्याच हातून बाळंत झाली आणि पाच तासांत घरी गेली. संध्याकाळी काळीपिवळीत घालून परत आणली तेव्हा लुगडं भिजून सीटवर रक्त होतं. वाचली, पण तो रस्ता आणखी लांब असता तर?

बाळाचंही तसंच. काखेत थर्मामीटर लावून ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसच्या मध्ये आहे ना, पाय गार नाहीत ना, दिवसातून आठ-दहा वेळा ओढून पितं ना, पहिल्या २४ तासांत पिवळं तर पडत नाही ना, हे बघावं लागतं. घरी हौसेनं लगेच आंघोळ घालतात, बंद खोलीत शेगडी पेटवतात. धूर त्या लेकराच्याच छातीत जातो.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते, मग ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही भेट असते. म्हणजे दवाखान्यातून बारा तासांत घरी गेलेल्या बाईकडे पहिले दोन दिवस ना सिस्टर, ना आशा. नेमके तेच दिवस जोखमीचे.

आर्णीचा कास्तकार
सिस्टर, तुमचं सगळं खरं हाय. पन दर पंधरा मिनिटानं पायते कोन? माह्या बायकोच्या वक्ताले एकच सिस्टर होती. तिकडं दुसरी बाई अडली, सिस्टर तिकडं गेली, पहाटपावतर आमच्याकडं कोनी फिरकलं नाई. थांबून काय भेटलं मंग? घरी मोठं पोरगं तीन वर्षाचं, मायसाठी रडून राहिलं. कापूस येचाईचे दिवस, संग मायले ठेवलं तं तिचीबी मजुरी बुडते. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये भेटतेत, त्यात दोघींची मजुरी निंगत नाई.

एएनएम, १९ वर्षं
भाऊ, अशा रात्री मीही काढल्या आहेत. एक टेबलवर, एक खाटेवर, आणि मी एकटी. तुमच्या बायकोकडे कोणी आलं नाही ते चुकलंच. पण बाजूच्या खोलीत एकटी सिस्टर असणं आणि वीस किलोमीटरवर कोणीच नसणं यात फरक आहे. तुम्ही हाक मारली तर मी हातातलं सोडून येऊ शकते. दुसरी सिस्टर द्या म्हणून तुम्ही भांडा, मी तुमच्यासोबत उभी राहीन.

चामोर्शीचा मास्तर
मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली. गावातल्याच बाईला शिकवलं, तिला आरोग्यदूत केलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ मध्ये देशभर आशांना गृहभेटी द्यायला लावल्या त्या याच कामावरून. मग घर वाईट आणि दवाखाना चांगला असं कशाला? बाई लवकर घरी गेलीच तर दुसऱ्या दिवशी सिस्टर किंवा आशा तिच्या दारात जाईल असं करा.

एएनएम, १९ वर्षं
मास्तर, त्या बायांचं काम मोठंच. पण त्यांच्याकडे वजनकाटा होता, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायची पिशवी आणि मास्क होता, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं शिक्षण होतं. त्या जायच्या म्हणून बाळं वाचली. आमच्याकडे लवकर घरी गेलेल्या बाईकडे कोणी जातच नाही. आणि आईचा रक्तस्राव? तिला सलाईन लागतं, रक्त लागतं. ते बाजेवर होत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीचं मात्र पटलं. आशाताईला तिचा मोबदला मिळणार असेल तर जरूर करा. फुकट राबवून नको.

घाटंजीची नणंद
एक गोष्ट वर लिहिली नव्हती. वहिनी घरी आल्यावर दोन रात्री मुलगी फार शांत होती. आम्ही म्हणत होतो, गुणाची आहे, झोपते. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या, वजन केलं, २ किलो ३५० भरलं. त्यांनी बसून वहिनीला बाळ कसं धरायचं ते दाखवलं, दर दोन तासांनी उठवून पाजायला सांगितलं. आता मुलगी छान आहे. सिस्टरांचं वाचल्यापासून त्या दोन रात्री डोक्यातून जात नाहीत. आम्ही चार बाया तिथं होतो आणि एकीलाही कळलं नाही.

तरी कडीचं म्हणणं मी सोडणार नाही. कडी असती आणि आईला टेकायला जागा असती तर वहिनी थांबली असती. ती स्वतः थांबायला तयार होती.

एएनएम, १९ वर्षं
सोडूही नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवसांचं जेवण आणि घरी सोडायला गाडी फुकट आहे, ते मागून घ्या. केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे किरकोळ दुरुस्तीचे पैसे येतात, आणि पंचायतीतली माणसं तिच्यात असतात. कडी आणि पाण्याची टाकी तिथंच होते. मी बैठकीत सांगते तेव्हा सिस्टरची तक्रार म्हणून राहून जातं. तुम्ही गावातून अर्ज घेऊन या.

आर्णीचा कास्तकार
अर्जात संगच्या बाईसाठी एक बाज लिवा. आन मोठ्या पोराले रात्री मायजवळ राहू द्या, थे बी लिवा. माह्या पोरानं दोन दिवस भाकर खाल्ली नव्हती.